मुलीच्या ऑपरेशनसाठी बँक खाते 'वापरायला' दिले आणि मी आरोपी झालो

24 जून ते 28 जून 2025 या पाच दिवसांत माझ्या नावाच्या चालू खात्यात 38,64,200 रुपये आले आणि तिथून निघूनही गेले. या साऱ्या प्रकरणात माझ्या हाती 66,500 रुपये पडले. त्या 66,500 रुपयांपायी आज माझे 4,10,000 रुपये गोठलेले आहेत, तीन राज्यांच्या पोलिसांच्या नोटिसा माझ्या कपाटात आहेत आणि ज्या मुलीसाठी हे सारे केले तिचे ऑपरेशन झालेले नाही. फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी दुसऱ्याचे बँक खाते भाड्याने घेण्याचा हा धंदा कसा चालतो हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, मीही ते वर्तमानपत्रात वाचले होते, त्यामुळे ते पुन्हा समजावत बसत नाही. ठाऊक असूनही मी कसा अडकलो तेवढे लिहितो, कारण माझ्यासारखे आईबाप रोज रुग्णालयांच्या बाकांवर बसलेले असतात आणि ही माणसे त्यांना तिथेच गाठतात.

माझ्या मुलीला जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. बेरा या श्रवणचाचणीत ते कळले तेव्हा ती अडीच वर्षांची होती. सहा महिने श्रवणयंत्रे लावून पाहिली, उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचे ऐकण्याचे यंत्र, सांगितले आणि हेही स्पष्ट सांगितले की हे जितक्या लवकर होईल तितके बरे, कारण मेंदूची बोली शिकण्याची जी वर्षे असतात ती एकदा गेली की ऑपरेशन करूनही तेवढा फायदा होत नाही. एका कानाचा खर्च 7,40,000 रुपये. भविष्य निर्वाह निधीतून 1,35,000 काढले, पत्नीच्या पाटल्या आणि गंठण मोडून 1,80,000 आले, साठवलेले 95,000 होते. असे 4,10,000 जमले आणि 3,30,000 कमी पडत होते. केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून या ऑपरेशनला साहाय्य मिळते, वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्यासाठीची नोडल संस्था आहे, हे मला माहीत होते. पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि आमचा पगार तिच्या वर जातो. घरात मिक्सर सुरू झाला की माझी मुलगी धावत येऊन ओट्यावर तळहात टेकवून उभी राहते, कारण तेवढाच आवाज तिला कळतो. ज्या बापाने हे रोज पाहिले आहे त्यानेच मला मूर्ख म्हणावे, इतरांनी नाही.

11 जून रोजी रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. वय पस्तिशीचे, शुद्ध मराठी बोलणारा, हातात रिपोर्टची फाईल. "दादा, इम्प्लांटसाठी का? आमच्या मुलाचे मागच्या वर्षी झाले," असे म्हणून त्याने मोबाईलवर एका मुलाचा फोटो दाखवला. मुलाच्या कानामागे यंत्र होते आणि तो हसत होता. मी त्या फोटोकडे इतका वेळ पाहत राहिलो की पुढचे अर्धे बोलणे मला नीट आठवतही नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे एका ट्रस्टला परदेशी देणगीदारांकडून मोठा निधी येतो, पण तो थेट व्यक्तीला देता येत नाही, म्हणून पालकांच्या नावे व्यवसायाचे चालू खाते उघडून त्यातून तो फिरवला जातो. पालकाला सुरुवातीला 25,000 आणि नंतर फिरलेल्या रकमेवर दोन टक्के उपचारासाठी मिळतात. "कर्ज नाही, व्याज नाही, दादा. आम्हीही असेच केले."

मी औषधांच्या एका वितरकाकडे चौदा वर्षे हिशेब लिहितो. तपासायचे ठरवले असते तर हे सारे अर्ध्या तासात तपासता आले असते. विदेशी देणगीच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या बदलानंतर कोणत्याही संस्थेला अशी देणगी आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. विक्रोळीत राहणाऱ्या एका कारकुनाच्या खात्याशी तिचा संबंधच येऊ शकत नाही. खरी धर्मादाय संस्था रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक मागते, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड मागते, आणि धनादेश रुग्णालयाच्या नावाने काढते. ती तुमचे एटीएम कार्ड कधीच मागत नाही. हे मला रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातील बाईंनी सांगितले, पण ते ऑगस्टमध्ये. त्यांची खोली त्या बाकापासून वीस पावलांवर आहे आणि मी तिथे आधी गेलो नाही, याचा मला आजही संताप येतो.

पुढचे भराभर झाले. माझे आधार आणि पॅन घेऊन त्याने उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. ती संकेतस्थळावर विनामूल्य आणि जवळजवळ लगेच होते, तरी त्याने तिचे 1,500 रुपये लागतील असे सांगून ते 'आमच्याकडून' म्हणून सोडून दिले आणि मी त्याचे आभार मानले. फर्मचे नाव काय ठेवायचे असे विचारून उत्तरही त्यानेच दिले, "मुलीचेच ठेवा, दादा, तिच्यासाठीच तर आहे." माझ्या नावावर एक नवे सिम काढायला लावले, ते खात्याला जोडले आणि कार्ड स्वतःजवळ ठेवले. 'ओटीपीसाठी सारखा तुम्हाला त्रास नको' हे त्याचे कारण. जो कोणी तुमच्या नावाचे सिम स्वतःच्या खिशात ठेवतो त्याच्याशी तिथल्या तिथे संबंध तोडा. आपल्या नावावर किती सिम आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर दिसते, आजच पाहा.

आणि आता तो प्रसंग, ज्यापाशी मी थांबायला हवे होते. 18 जून, बुधवार. बँकेचा माणूस व्यवसायाची जागा पाहायला येणार होता. साकीनाक्याच्या एका औद्योगिक गल्लीत तळमजल्यावर एक रिकामा गाळा होता. आत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक टेबल आणि कोणाचे तरी कापडाचे गठ्ठे. त्याने पिशवीतून गुंडाळलेला फ्लेक्स काढला. त्यावर माझ्या मुलीचे नाव आणि पुढे 'ट्रेडर्स' असे लाल अक्षरांत छापले होते. शाईचा वास अजून येत होता. दुसरे टोक धरायला कोणी नव्हते म्हणून ते मी धरले, आणि तो स्टुलावर चढून चिकटपट्टी लावत असताना खालून मीच म्हणालो, "डावीकडे जरा वर घ्या, वाकडा दिसतोय." बँकेचा माणूस आला, फलकाखाली मला उभे करून त्याने फोटो काढला, एका कागदावर माझी सही घेतली आणि सहा-सात मिनिटांत निघून गेला. तो गल्लीच्या वळणावर पोहोचतो न पोहोचतो तोच फ्लेक्स उतरवून गुंडाळला गेला. माझ्या मुलीचे नाव चुरगळताना मी पाहिले आणि माझ्या पोटात कालवले. ते मला तेव्हाच कळले होते. कळले नव्हते असे मी म्हणणार नाही. पण त्याच संध्याकाळी त्याने माझ्या पगाराच्या खात्यावर 25,000 रुपये पाठवले आणि मी मनाशी म्हटले की बँकेनेच येऊन पाहिले आहे, बँकेला चालते तर मला काय.

19 जूनला खाते उघडले. एटीएम कार्ड, चेकबुक, नेटबँकिंगचा पासवर्ड असे सगळे किट त्याच्याकडे गेले. 28 जूनला आणखी 41,500 आले. 30 जूनच्या सोमवारी मुलीच्या थेरपीचे 800 रुपये देताना यूपीआय चालेना, तीनदा प्रयत्न केला, आणि दुपारी शाखेत गेल्यावर कळले की चालू खात्याबरोबर माझे पगाराचे खातेही गोठवले आहे, कारण चालू खात्यातून 41,500 रुपये त्यात आल्याची नोंद झाली होती. ऑपरेशनचे 4,10,000 त्याच खात्यात होते. त्याचा फोन त्या दिवसापासून बंद आहे.

यानंतरचे मला जास्त झोंबते. शाखेतील अधिकारी म्हणाले, "सायबरकडून आले आहे, आमच्या हातात काही नाही, पोलिसांकडे जा." आमच्या हद्दीतील पोलीस ठाण्यात सांगितले, "फ्रीज दुसऱ्या राज्यातून झाले आहे, बँकेतून पत्र आणा." बँकेने पत्र द्यायला नऊ दिवस घेतले आणि त्या पत्रात तक्रारीचा क्रमांकच चुकीचा लिहिला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न असा की तुमचे किती पैसे गेले. माझ्या खात्यातून दुसऱ्यांचे गेले असे सांगितल्यावर पलीकडचा आवाजच बदलला. माझी फसवणूक झाली आहे, त्या माणसाविरुद्ध तक्रार लिहून घ्या, असे म्हणत मी पोलीस ठाण्यात पाच वेळा गेलो. त्याचा नंबर दिला, गाळ्याचा पत्ता दिला, रुग्णालयाच्या बाहेर कॅमेरा आहे हेही सांगितले. पाचव्या खेपेला उत्तर मिळाले, "अहो, खाते तुमचे, सही तुमची, फोटो तुमचा. तुम्ही फिर्यादी कसे?" त्या गाळ्याचा भाडेकरार कोणाच्या नावावर आहे हे विचारायला आजवर कोणी गेलेले नाही. मी स्वतः गेलो तेव्हा शटर बंद होते.

माझा प्रश्न साधा आहे. माझ्या आईच्या खात्यातून औषधासाठी 12,000 रुपये काढताना सही जुळत नाही म्हणून तिला दोनदा घरी पाठवणाऱ्या बँकेला, महिना 34,000 पगाराच्या माणसाच्या पाच दिवसांपूर्वी उघडलेल्या खात्यातून पाच दिवसांत साडेअडतीस लाख जाताना एकदाही फोन करावासा का वाटला नाही? रिझर्व्ह बँकेने अशीच खाती हुडकण्यासाठी 'म्यूलहंटर' नावाच्या प्रणालीची माहिती डिसेंबर 2024 मध्ये दिली होती. मग सहा-सात मिनिटांत फोटो काढून गेलेल्या त्या माणसाने गाळ्यात विजेचे बिल का मागितले नाही, शेजारच्या गाळ्यात का विचारले नाही? गुन्हा माझ्या सहीने झाला हे मान्य, पण दार उघडे ठेवणाऱ्यांना साधी नोटीसही नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्या, तोंडी बोलण्याला काहीही किंमत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

नोटिसा आल्या त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खालच्या, चौकशीला हजर राहण्याच्या होत्या. ती नोटीस म्हणजे अटक नव्हे, पण ती घरी ठेवून गप्प बसलात तर अटकेची पाळी येऊ शकते. मी दक्षिणेतल्या एका शहरात स्वतः हजर झालो. प्रवास आणि मुक्कामाला 6,840 रुपये, वकिलाला 15,000. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीच्या कलम 318(4) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे वकिलांनी सांगितले तेव्हा पत्नी माझ्या शेजारीच बसली होती. नंतर समजले की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, आणि कायद्यात ठरलेल्या मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या लोकांना, मोफत वकील मिळतो. ज्यांना लागू असेल त्यांनी पैसे घालवण्याआधी तिथे जावे. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्या जबाबात 'कमिशनच्या लोभाने' असे लिहिले होते, ते मी 'मुलीच्या उपचारासाठी' असे बदलून घेतले.

दक्षिणेतल्या त्याच शहराच्या पोलीस ठाण्यात मला समजले की त्या रकमेतील 9,50,000 रुपये एका निवृत्त शिक्षिकेचे होते. 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवरच अटक केल्याची, भीती घालून तिला दोन दिवस फोनसमोर बसवून ठेवले होते. तिच्या पासबुकात पैसे गेल्याची जी ओळ आहे, त्या ओळीत माझ्या मुलीचे नाव आहे. आजवर मी स्वतःच्या बाजूने पुष्कळ लिहिले, पण या एका गोष्टीवर माझ्याकडे बोलायला काही नाही. मिळालेले 66,500 रुपये जमा करण्याची तयारी मी लेखी दिली आहे. उरलेली रक्कम मोकळी व्हावी यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे. दोन तारखा झाल्या, दोन्ही वेळा संबंधित पोलीस ठाण्याचे म्हणणे आले नव्हते.

मुलीला नोव्हेंबरमध्ये पाच वर्षे पूर्ण झाली.

गेल्या आठवड्यात श्रवणदोष असलेल्या मुलांच्या पालकांच्या एका व्हॉट्सॲप गटात नव्या क्रमांकावरून संदेश आला. नाव वेगळे होते, पण कानामागे यंत्र लावलेल्या, हसणाऱ्या त्याच मुलाचा फोटो होता. खाली लिहिले होते, 'इम्प्लांटसाठी मदत हवी असलेल्या पालकांनी संपर्क करावा. कर्ज नाही, व्याज नाही.' मी तो क्रमांक, वेळ आणि फोटो छापून पोलीस ठाण्यात देऊन आलो आणि पोच मागितली. साहेब आल्यावर मिळेल, असे सांगितले. त्या गटात 214 पालक आहेत. त्यांपैकी ज्यांचे क्रमांक माझ्याकडे होते त्या 61 जणांना मी स्वतः फोन केले. चौघांनी आधीच त्याला आधार कार्डाचा फोटो पाठवला होता.