‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’: आठ महिने, अडीच फेऱ्या

आधीच सांगून ठेवतो, पुढे सगळी कथा उघडी पडणार आहे. ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी एवढंच वाचून थांबावं: हेडफोन लावून खेळा, आणि पहिल्या दोन-तीन तासांत जे घडतं त्यावर चिडून गेम सोडून देऊ नका. बाकीच्यांसाठी हा सविस्तर अनुभव.

नॉटी डॉग कंपनीचा हा व्हिडिओ गेम १९ जून २०२० रोजी पीएस फोर (प्लेस्टेशन ४) या कन्सोलवर आला. मी घेतली ती पीएस फाइव्हची रीमास्टर्ड आवृत्ती, जानेवारी २०२४ मध्ये निघालेली. पहिला भाग २०१३ चा, तो मी तेव्हाच खेळलो होतो आणि त्यातला नायक जोएल मला घरच्या माणसासारखा झाला होता. गेल्या आठ महिन्यांत दुसरा भाग दोनदा पूर्ण खेळलो, तिसऱ्यांदा अर्ध्यावर आलोय. पहिल्या फेरीला २९ तास लागले.

हा गेम हिंसक आहे म्हणजे किती, ते स्पष्ट सांगायला हवं. युरोपात त्याला १८ वर्षांवरील वर्गीकरण आहे आणि ते अगदी योग्य आहे. गळ्यात चाकू खुपसला की समोरचा माणूस पटकन मरत नाही, घरघरत राहतो. पायावर गोळी बसलेला शत्रू जमिनीवर सरपटत जीवाची भीक मागतो. इतर ॲक्शन गेममध्ये शत्रू पडला की तो विषय संपतो. इथे पडलेल्या माणसाला बघून त्याचा साथीदार त्याच्या नावानं हाक मारतो, आणि त्या हाकेत घाबरलेपण असतं.

ही नावं माझ्या लक्षात आली नव्हती, ताईच्या लक्षात आली. ती गेम खेळत नाही. मी खेळत होतो आणि ती बाजूला बसून स्वतःचं काम करत होती. सिअ‍ॅटलमध्ये पहिल्या दिवसाची चकमक चालू होती. मी एका बाईला मागून पकडून मारलं आणि पुढच्या माणसाकडे सरकलो. ताईनं मान वर केली.

“तिला त्यानं नावानं हाक मारली ना आत्ता?”

“शत्रू आहेत गं ते. सगळ्यांना नावं दिलीयेत, जिवंत वाटावेत म्हणून.”

“मग तुझा हात थांबला का?”

नव्हता थांबला. मला ते नाव ऐकूच आलं नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष पुढच्या माणसाच्या पाठीवर होतं. त्या रात्रीनंतर मी मुद्दाम ऐकायला लागलो आणि त्या दिवसापासून हा गेम माझ्यासाठी बदलला. आमचा वाद मात्र आठ महिने चालूच आहे. ताईचं म्हणणं सरळ आहे: जे करायला नको ते हा गेम तुझ्याकडून करवून घेतो आणि वर तुलाच दोषी ठरवतो, मग याला चांगला कसा म्हणायचं? तिचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. पण मी तिच्याशी पूर्ण सहमतही नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

कथा थोडक्यात अशी. पहिल्या भागाच्या शेवटी जोएलनं मुलीसारख्या झालेल्या एलीला वाचवण्यासाठी हॉस्पिटलातल्या सर्जनला मारलं होतं. चार वर्षांनंतर त्या सर्जनची मुलगी अ‍ॅबी ते दोघं राहतात त्या जॅक्सन गावी येते आणि एलीच्या डोळ्यांदेखत जोएलला गोल्फ क्लबनं मारून टाकते. एली सूड घ्यायला सिअ‍ॅटलला जाते. तिथले तीन दिवस आपण एली म्हणून खेळतो, आणि गोष्ट ऐन टोकाला पोचल्यावर गेम आपल्याला पुन्हा पहिल्या दिवशी नेऊन सोडतो. या वेळी अ‍ॅबी म्हणून.

पहिल्या फेरीत मला हे अजिबात सहन झालं नाही. जिचा इतका राग आला होता तिच्याच चालीनं चालायचं, तिच्याच मित्रांशी बोलायचं. तीन-चार तास मी नुसता पुढे ढकलत होतो. आणि मग अ‍ॅलिस भेटली. अ‍ॅलिस म्हणजे अ‍ॅबीच्या गटातली कुत्री. एली म्हणून खेळताना मत्स्यालयात ती अंगावर धावून आली तेव्हा मीच तिला मारलं होतं, धडाधड बटण दाबून, आणि सुटलो एकदाचा म्हणून मोठा श्वास घेतला होता. आता तीच अ‍ॅलिस शेपटी हलवत समोर उभी होती. तिचं पुढे काय होणार हे त्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं. गेमनं मला कुठलंही व्याख्यान दिलं नाही, कुत्री फक्त समोर आणून उभी केली. हिंसेवर बोलणाऱ्या गेममध्ये इतकं साधं आणि इतकं खोल जाणारं काही मी दुसरीकडे अनुभवलेलं नाही.

आता नोराचा प्रसंग. नोराही त्याच गटातली. सिअ‍ॅटलमधल्या हॉस्पिटलच्या तळघरात लाल उजेडात एली तिला गाठते. हातात लोखंडी पाइप. कॅमेरा एलीच्या चेहऱ्यावर असतो, मार खाणारी नोरा दिसतच नाही, आणि पडद्यावर चौकोनाच्या बटणाची खूण येते. मी बटण दाबेपर्यंत दृश्य पुढे सरकेना. पहिल्या फेरीत मला हा सगळ्या गेममधला सर्वांत ताकदीचा क्षण वाटला होता. आज तसं वाटत नाही. तिथे माझ्याकडे ठरवण्यासारखं काहीच नव्हतं, एक तर बटण दाबायचं किंवा कन्सोल बंद करायचा. ताईचा आक्षेप या जागी शंभर टक्के खरा आहे.

म्हणून दुसरी फेरी मी हार्डवर आणि एक नेम धरून खेळलो: जिथे जमेल तिथे कुणालाही न मारता निसटायचं. ज्यांनी गेम एकदा पूर्ण केलाय त्यांनी हे जरूर करून बघावं. गवतात पोटावर सरकत जायचं, गाडीखाली शिरायचं, भिंतीतल्या फटीतून अंग चोरून पलीकडे निघायचं. बऱ्याच चकमकी अशा पार होतात. त्यासाठी गेम बक्षीस देत नाही की शाबासकी देत नाही, आणि तेच मला फार आवडलं. सेराफाइट या धर्मपंथातल्या लोकांच्या शिट्ट्या मला याच फेरीत कळायला लागल्या. ते एकमेकांशी शिट्टीनं बोलतात. सगळं ठीक असल्याची शिट्टी वेगळी, प्रेत सापडल्याची वेगळी, शोध सुरू झाल्याची वेगळी. अंधारात, पावसात, नेचांच्या झुडपात पडून राहिलो होतो, डाव्या कानात एक शिट्टी वाजली, तिला उजवीकडून कुणीतरी उत्तर दिलं, आणि मला समजलं की दोघांच्या मधली वाट मोकळी आहे. ते ऐकत ऐकत पुढे सरकताना छातीत जे धडधडतं ते कुठल्याही बंदुकीच्या मारामारीत धडधडलं नाही.

पण ही फेरीसुद्धा एका ठिकाणी अडली. त्याच हॉस्पिटलात एक मुलगी खुर्चीत बसून पीएस व्हिटा या हातातल्या कन्सोलवर गेम खेळत असते. तोही मारामारीचाच गेम. माझ्यासारखीच ती त्यात इतकी गुंगलेली असते की मागून कोण येतंय याचा तिला पत्ता नसतो. हिला तरी सोडायचं असं मी ठरवलं होतं. सोडता येत नाही. एली तिला धरते, नोराचा पत्ता विचारते, ती सुटायची धडपड करते आणि मरते. मी शेवटचा सेव्ह काढून तिथे दोनदा परत गेलो. तिला वगळून जाण्याची एखादी वाट लेखकांनी ठेवायला हवी होती. तेवढ्यानं कथेचं काहीच बिघडलं नसतं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. मारामारीचा हात या गेमचा उत्तम आहे. योग्य वेळी एल वन बटण दाबून वार चुकवला की शरीर ज्या तऱ्हेनं वळतं, वर्कबेंचवर बंदूक उघडून एली ज्या बारकाईनं एकेक भाग बसवते, ते बघतच राहावंसं वाटतं. हिंसेची किळस यावी अशी कथा आणि हिंसा करताना मजा यावी असा खेळ, ही ओढाताण या गेमला शेवटपर्यंत सोडवता आलेली नाही. रीमास्टर्डमधला ‘नो रिटर्न’ हा प्रकार खेळताना ते फार जाणवतं. तिथे कथा नाही, नुसत्या एकामागून एक चकमकी, दर वेळी वेगळ्या, मेलात की पहिल्यापासून. मी त्यात कितीतरी संध्याकाळी घालवल्या, आणि तिथे मला एकही नाव ऐकू आलं नाही. हाका तर त्याच असतात, पण मी पुन्हा पाठीच बघायला लागलो होतो. हे लक्षात आल्यावर मी तो प्रकार बंद केला, महिना झाला उघडलेला नाही.

तिसरी फेरी सुरू केली ती अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंगांनाही खेळता यावं यासाठीच्या, सोयी तपासायला. या गेममध्ये अशा साठाहून जास्त सोयी आहेत, आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये मिळालेल्या सात पुरस्कारांपैकी एक याच कामासाठी होता. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला जातो, आवाजाच्या खुणांवर वाट सापडते, दृष्टिहीन खेळाडूंनी हा गेम शेवटपर्यंत खेळलेला आहे. कठीणपणाही एकगठ्ठा नाही. शत्रू किती हुशार, सामान किती मिळणार, लपणं किती सोपं, हे वेगवेगळं ठरवता येतं. माझा सल्ला: शत्रू हार्डवर ठेवा आणि सामान मध्यमवर. गोळ्यांची चणचण राहते, पण दर कपाट उघडत बसावं लागत नाही.

त्यातच हाय कॉन्ट्रास्ट नावाची सोय आहे. ती लावली की सगळं जग करडं होतं, सोबतचे निळे, शत्रू लाल, वस्तू पिवळ्या. रक्ताचा तपशील जवळजवळ दिसेनासा होतो. ताईला मुद्दाम बोलावून दाखवलं, म्हटलं आता बघ, आता हिंसा नाही. ती थोडा वेळ बघत बसली. एका लाल आकृतीनं पडलेल्या दुसऱ्या लाल आकृतीला हाक मारली आणि ताई उठून गेली. नंतर म्हणाली, “रक्त नव्हतं तरी तेच झालं रे.” माझं आठ महिन्यांचं मत या वाक्यापाशी येऊन थांबतं. या गेमचं मोठेपण रक्ताच्या थारोळ्यात नाही, ते त्या हाकेत आहे. रक्त अर्ध्यानं कमी केलं असतं तरी गेम इतकाच भिनला असता. हाका काढून टाकल्या असत्या तर मात्र हा दहा गेममधला एक झाला असता.

तक्रारी आहेत. सँटा बार्बराचा शेवटचा भाग मला दोन्ही वेळा लांबलेला वाटला, कारण तोपर्यंत सूडाविषयी जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. तिथली शत्रू टोळी तर निव्वळ मारण्यासाठीच आणल्यासारखी आहे. इतक्या मेहनतीनं माणसाला माणूस दाखवणाऱ्या गेमनं शेवटी असे सोपे दुष्ट उभे करावेत याचं वाईट वाटतं. आणि पहिल्या भागातला मल्टिप्लेअर इथे नाही, त्याची उणीव मला फारशी भासली नाही.

गेम आला तेव्हा त्याच्यावर जो राग निघाला त्याबद्दलही बोलायला हवं. कथा न आवडणं समजू शकतो, मीसुद्धा पहिल्या फेरीत चिडलो होतो. पण अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला त्या पात्रापायी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिला त्याच वर्षी अभिनयाचा पुरस्कार मिळाला, आणि तिचं काम ऐकल्यावर तो तिलाच मिळायला हवा होता याबद्दल मला शंका नाही. अ‍ॅबी घाबरते तेव्हा तिचा श्वास बदलतो. उंचीवरच्या पुलावर सोबतच्या लेव्ह या मुलाच्या मागून जाताना ते ऐका.

घ्यायचा असेल तर रीमास्टर्डच घ्या. कथेत फरक नाही, पण लोडिंग झटपट होतं आणि त्यात गिटार वाजवण्यासाठी वेगळी जागा दिली आहे. मी आता बहुतेक त्यासाठीच कन्सोल लावतो. स्टिक फिरवून कॉर्ड निवडायची आणि टचपॅडवर अंगठा ओढला की तारा छेडल्या जातात. मला खरी गिटार येत नाही, पण जोएलनं एलीला शिकवलेल्या सुरावटी आता बोटांत बसल्या आहेत.

म्हणूनच दुसऱ्या फेरीत शेवट जास्त लागला. किनाऱ्यावरच्या पाण्यात एली अ‍ॅबीला बुडवत असते आणि मधेच सोडून देते. त्या झटापटीत तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेलेली असतात. घरी येते तर घर रिकामं, तिची जोडीदार डीना बाळाला घेऊन गेलेली. वरच्या खोलीत गिटार आहे. तुम्ही स्टिकवर तीच कॉर्ड निवडता, अंगठा तसाच ओढता, तुमच्या हातून काहीच चुकलेलं नसतं. पण तार नीट दाबलीच जात नाही आणि सूर मधेच तुटतो. मी तीन वेळा ओढून बघितलं.