चौकशीच्या खोलीत फुललेले प्रेम : ‘डिसिजन टू लीव्ह’

पार्क चान-वूक यांना 2022 साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळवून देणारा हा कोरियन चित्रपट मला त्यांच्या कामातील सर्वांत हळवा वाटतो. डोंगरावरून पडून मेलेल्या माणसाच्या मृत्यूचा तपास करणारा बुसानचा निद्रानाशाने त्रस्त पोलीस अधिकारी हे-जुन, मृताच्या तरुण चिनी पत्नीवर, सो-रे हिच्यावर, संशयापोटी पाळत ठेवता ठेवता तिच्यात गुंतत जातो.

चौकशीच्या खोलीत तो तिच्यासाठी उंची सुशी मागवतो आणि जेवण झाल्यावर दोघे न बोलता, जुन्या जोडप्याच्या सराईतपणे, टेबल आवरू लागतात. त्या काही क्षणांत दिग्दर्शकाने प्रेमाची सारी कबुली देऊन टाकली आहे. तांग वेई हिने अडखळत्या कोरियन बोलण्यातून सो-रेचे गूढ शेवटपर्यंत राखले आहे, आणि हे-जुन साकारणाऱ्या पार्क हे-इल यांचा संयमही तितकाच दाद देण्याजोगा आहे.

उत्तरार्धातील दुसऱ्या खुनाचे धागेदोरे मात्र गुंतागुंतीचे झाले असून, तिथे लक्ष थोडे जरी ढळले तरी कथेचा दुवा निसटतो. तरीही चित्रपट जरूर पाहावा, आणि शक्यतो मूळ कोरियन ध्वनीसह, कारण सो-रेचे कोरियन आणि चिनी यांमधले हेलकावे डबिंगमध्ये हरवण्याची भीती आहे.