अर्धं बॉनेट वॅक्स, अर्धं सीलंट: ऐरोलीतला वर्षभराचा अनुभव

२०२४ चा दसरा शनिवारी होता, १२ ऑक्टोबरला. आईने दरवर्षीप्रमाणे बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी पुसायचं राहून गेलं. रविवारी सकाळी हार काढून पुसायला घेतलं तर कुंकू गेलं, स्वस्तिक राहिलं. गडद निळ्या रंगावर मातकट सावली, शॅम्पूलाही दाद देईना. गाडी २०१९ ची आणि तोवर तिला कधी काही लावलेलंच नव्हतं. सर्व्हिसिंगला दिली की ते 'पॉलिश करून देऊ' म्हणायचे, मी 'नको' म्हणायचो.

त्याच दिवशी हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून हात फिरवला. ही युक्ती जरूर करून बघा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रवा सांडल्यासारखा खरखरीत लागतो. आमची गाडी उघड्यावर उभी असते. एकीकडे ठाणे-बेलापूर रोड आणि एमआयडीसी, दुसरीकडे रेल्वेची लाइन. लोखंडाचे बारीक कण, काजळी, सिमेंटची धूळ असं सगळं रंगात रुतून बसलेलं असतं आणि ते धुण्याने निघत नाही. क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, घासला तेव्हा तो पिवळट-पांढऱ्याचा काळपट झाला.

आता रंगावर संरक्षणाचा थर द्यायचा तर वॅक्स की सीलंट? दुकानात विचारलं तर दुकानदाराने 'वॅक्स पॉलिश' लिहिलेली तिसरीच बाटली पुढे केली. इथेच पुष्कळांची गल्लत होते. पॉलिशमध्ये घासणारे कण असतात, ते क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, अगदी पातळ थर खरवडून ओरखडे सपाट करतं. क्लिअर कोट मुळात साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ. तो दर महिन्याला घासायचा नसतो. वॅक्स आणि सीलंट काही कापत नाहीत, वर बसतात. वॅक्समधला मुख्य माल कार्नोबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरचं मेण. सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर, ते रंगाला जास्त घट्ट धरतं. मी एकाच कंपनीचे दोन्ही आणले. वॅक्सचा डबा साडेसहाशेला, सीलंटची बाटली साडेनऊशेला पडली.

बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली. ड्रायव्हरच्या बाजूला वॅक्स, डावीकडे सीलंट. छतावरही तसंच. बायको म्हणाली, "अहो, गाडी आहे की शाळेतला प्रयोग?"

पहिले पंधरा दिवस वॅक्सचे. रंगाला जी खोली वॅक्सने येते ती सीलंटने आलीच नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उजवी बाजू ओलसर, तेल लावल्यासारखी दिसायची. डावी नुसती स्वच्छ दिसायची, जरा काचेसारखी कोरडी. शिवाय वॅक्स लावायला सोपं. सावलीत, पत्रा गार असताना फोमने पातळ हात द्यायचा, धुरकट झालं की मायक्रोफायबरने पुसायचं. सीलंटची नाटकं जास्त. आधी जुनं तेलकट काही राहिलं असेल तर ते धरतच नाही, म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून घ्यावा लागतो. लावल्यावर बारा तास पाणी लागू द्यायचं नाही, असं बाटलीवर लिहिलेलं. उघड्या पार्किंगमध्ये बारा तास म्हणजे दवसुद्धा आलं की. एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू: दारांखालच्या काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका. वॅक्सचे पांढरे डाग त्या खरखरीत प्लास्टिकमधून काढताना माझा एक जुना टूथब्रश आणि अख्खा रविवार गेला.

दिवाळीनंतर गाडी सर्व्हिसिंगला गेली. तिथे जाड फेसाचं धुणं करून दिलं. परत आल्यावर उजव्या बाजूचं पाणी घरंगळायचं बंद! थेंब न होता नुसता पसरट पापुद्रा. डावीकडे अजून टपोरे मोती. त्या फेसात नेमकं काय होतं कुणास ठाऊक, पण कडक डिटर्जंटपुढे वॅक्सचं काही चालत नाही हे डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा वॅक्स लावलं, ते जेमतेम सहा आठवडे टिकलं. सीलंटची बाजू मार्च उजाडेपर्यंत, म्हणजे पाच महिने, त्याच एका हातावर चालली.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण गाडी पुसणारे काका जानेवारीत एका सकाळी म्हणाले, "साहेब, ह्या बाजूला फडका सरकतो, त्या बाजूला अडकतो. पत्रा बदलला काय?" टेप तर कधीच काढून टाकलेली. माझ्या प्रयोगावर एवढी साक्ष पुरे होती.

त्याच काकांशी पुढे माझी जरा वादावादीही झाली. एकच बादली, एकच फडकं, त्यात दहा-बारा गाड्या. आमची सातवी की आठवी. तोवर बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं आणि आधीच्या गाड्यांची माती आमच्या बॉनेटवर गोल गोल फिरवली जाते. उन्हात दिसणारं कोळ्याच्या जाळ्यासारखं ओरखड्यांचं जाळं तिथूनच येतं. या ओरखड्यांपुढे वॅक्सही काही करू शकत नाही आणि सीलंटही. मी काकांना तीन मायक्रोफायबर दिले, आमची गाडी पहिली घ्या म्हटलं आणि महिन्याला शंभर रुपये वाढवले. धूळ कोरडी असेल तर पुसूच नका, आधी पाणी मारा, हेही सांगितलं. ते ऐकतात, पण घाईच्या दिवशी नाही. वर्षभरात गाडीच्या रंगासाठी जे काही केलं त्यात सगळ्यात उपयोगी खर्च मला हे शंभर रुपयेच वाटतात.

फेब्रुवारीत आंबा मोहरला. शेजारच्या रो हाऊसमधला आंबा आमच्या पार्किंगवर वाकलेला आहे आणि मोहराच्या दिवसांत त्यावरच्या तुडतुड्यांचा चिकटा खाली टपटपत असतो. ज्यांच्या गाड्या झाडाखाली असतात त्यांना हा चिकटा ठाऊक असेल. सकाळी काचेवरून वायपर फिरवला तर सगळं फरफटतं. सीलंटच्या बाजूचा चिकटा ओल्या फडक्याने एका हातात निघायचा. वॅक्सच्या बाजूला धूळ आणि चिकटा मिळून एक थर व्हायचा, तो भिजवत ठेवावा लागायचा. एप्रिल-मेच्या उन्हात तर वॅक्सवर धूळ जरा जास्तच बसते असं माझं ठाम मत झालं. कार्नोबा स्वतः ८२-८६ अंशांना वितळतं, पण डब्यातलं वॅक्स काही निव्वळ कार्नोबा नसतं, त्यात तेलं आणि मऊ मेणंही असतात. दुपारी गडद बॉनेटवर हात ठेववत नाही, तिथे ती मऊ पडणारच.

कावळ्यांनी मात्र दोघांनाही हरवलं. एप्रिलमध्ये आम्ही दोन दिवस गावाला गेलो, गाडी इथेच. आलो तर बॉनेटवर दोन्ही बाजूंना एकेक प्रसाद, उन्हात वाळून कडक झालेला. काढल्यावर दोन्हीकडे खाली रंगात खड्डा. सीलंटच्या बाजूचा थोडा उथळ, पण होताच. विष्ठेतलं आम्ल आणि ऊन मिळून क्लिअर कोटच खातात. वर लावलेल्या थरामुळे तुम्हाला फार तर काही तास मिळतात, दिवस नाहीत.

पावसाआधी सगळी गाडी सीलंट करायची असं ठरवून ३१ मेचा शनिवार राखून ठेवला होता. पण २०२५ चा मान्सून मुंबईत २६ मेलाच येऊन थडकला, नेहमीच्या ११ जूनच्या चांगला पंधरवडाभर आधी. शनिवारी जरा उघडीप दिसली म्हणून मी हट्टाने उघड्यावरच लावायला घेतलं. हवा एवढी दमट की सीलंट वाळेचना, आणि तासाभरात सर आली. सगळ्या बॉनेटवर ढगाळ पट्टे उमटले. ते काढायला पुन्हा अल्कोहोल, पुन्हा पुसणं. शेवटी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मेहुण्याकडे ठाण्याला गेलो. त्याच्या इमारतीत स्टिल्ट पार्किंग आहे, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली छपराखालची जागा. शनिवारी दुपारी तिथे सीलंट लावलं, रात्रभर गाडी तिथेच ठेवली, बदल्यात त्याची पांढरी गाडीही करून दिली. पांढऱ्या गाडीवर वॅक्स आणि सीलंटमधला चमकेचा फरक मला तरी दिसत नाही. पांढरी असेल तर वॅक्सच्या भानगडीत कशाला पडायचं?

पावसाळा सीलंटने व्यवस्थित काढला. गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने गावी गेलो, तो प्रवास म्हणजे चिखलाचं स्नानच. परत आल्यावर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने अर्ध्याहून जास्त चिखल सुटून खाली आला, उरलेला शॅम्पूने. आधीच्या वर्षी हाच चिखल नखाने खरवडावा लागला होता. दारांच्या खालच्या भागावर डांबराचे ठिपके राहिले, ते वेगळ्या औषधाने काढले.

एक तोटा सांगायलाच हवा. पाण्याचे मोती फोटोत छान दिसतात, पण ते उन्हात जागच्या जागी वाळले की प्रत्येकाखाली एक पांढरं कडं राहतं. आमच्याकडे धुण्याला बोअरिंगचं पाणी, जड. पावसाच्या पाण्याने तेवढं होत नाही, बोअरिंगच्या पाण्याने हमखास होतं. धुतल्यावर लगेच पुसून कोरडी करायची नसेल तर सीलंट लावलेली गाडी न लावलेल्या गाडीपेक्षा वाईट दिसते. पाणी घातलेल्या व्हिनेगरने ताजी कडी जातात, जुनी जात नाहीत.

उघड्यावर उभी राहणारी, रोज पुसली जाणारी गाडी असेल तर माझं मत सीलंटला, वर्षातून दोनदा: पावसाआधी आणि दिवाळीच्या सुमारास. वॅक्स मी टाकून दिलेलं नाही. लग्नकार्य असेल तर आदल्या दिवशी सीलंटवरच एक हात देतो, एवढं चालतं. उलटं चालत नाही, वॅक्सवर सीलंट धरत नाही.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. आईने पुन्हा बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढलं. मी काही बोललो नाही, पण रात्री जेवण झाल्यावर ओलं फडकं घेऊन खाली गेलो. कुंकू एका हातात निघालं, खाली काही राहिलं नाही. छतावर मात्र पाणी आता थांबायला लागलंय. मेहुण्याला फोन करून दिवाळीआधीचा एक शनिवार त्याचं पार्किंग मागून ठेवलंय.