जुन्या गाडीसाठी ओबीडी स्कॅनर घेतला, खर्च खरंच कमी होतो का? माझा रिव्ह्यू

सेकंडहँड गाडी, तीही वय झालेली, आणि डॅशबोर्डवर ते पिवळं चेक इंजिनचं चित्र मधूनच उगवतं मधूनच मावळतं, असा ज्यांचा संसार चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. छोटा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड फोनवर वाचून दाखवणारं यंत्र, घेतला, बरेच महिने वापरतेय, तर पाचपैकी चार स्टार. पाचवा का नाही ते पुढे येईल. आणि आत्ताच सांगून टाकते, हे यंत्र गाडी दुरुस्त करत नाही, खर्चही स्वतःहून कमी करत नाही, ते फक्त गॅरेजमध्ये तुमच्या तोंडी योग्य प्रश्न घालतं. पण जुन्या गाडीत अर्धे पैसे नको ते पार्ट बदलण्यातच जातात, त्यामुळे ही गोष्ट वाटते तेवढी छोटी नाहीये.

वस्तू म्हणाल तर मुठीत मावेल एवढी. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ कुठेतरी १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात खोचायचं, इग्निशन ऑन करायचं, फोनवर अ‍ॅप उघडायचं, झालं. पण "१६ पिनांचं सॉकेट आहे म्हणजे चालणारच" असं अजिबात नाही हं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-टू, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखीच असलेली पद्धत, सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ च्या सुमारास आणि डिझेलला त्यानंतर, बाकी देशांत आणखी उशिरा. मधल्या काळातल्या काही गाड्यांना सॉकेट तेच दिसतं पण आतली भाषा कंपनीची स्वतःची, मग स्कॅनर नुसता लाईट लावून बसतो. तेव्हा आपल्या मॉडेलच्या कोणाला तरी आधी विचारा.

आता नकलांबद्दल थोडं, कारण जुन्या गाडीवाल्यांना हे जास्त नडतं. या सगळ्या स्वस्त स्कॅनरांच्या पोटात ईएलएम३२७ नावाची चिप असते, म्हणजे तसं लिहिलेलं तरी असतं. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, त्यांच्या पहिल्या आवृत्तीला कॉपी प्रोटेक्शन नव्हतं, मग काय, नकलांचा पूर आला. आता तर मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदच झाली. खोक्यावर "व्हर्जन १.५" असं मिरवलेलं खूप दिसतं, तर गंमत म्हणजे मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती! नक्कल असली म्हणून लगेच वाईट असं नाही, माझाही काही अस्सल नसणार, पण काही नकलांमधून जुने प्रोटोकॉल, म्हणजे गाडीशी बोलायच्या जुन्या भाषा, गायब असतात. नव्या गाड्या सगळ्या कॅन नावाच्या एकाच भाषेत बोलतात त्यामुळे त्यांना फरक पडत नाही, जुन्या गाड्यांना नेमके तेच गायब झालेले लागतात. म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या, आणि पहिल्याच दिवशी गाडीला लावून बघा.

बरं, मुख्य मुद्दा. स्कॅनर कोड देतो, आणि कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. हे एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तरी यंत्राचे पैसे वसूल. माझ्या गाडीला पी०१७१ आला होता, म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. एका गॅरेजने कोड वाचल्या वाचल्या ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायचा सांगितला, का तर कोड सेन्सरने दिला म्हणून. अहो, पण सेन्सरने तर चहाडी केली, चोर दुसराच असू शकतो ना. फाटलेला व्हॅक्यूम पाईप, इनटेकची गॅस्केट, मळलेला एअर-फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), दमलेला फ्युएल पंप, तुंबलेला पेट्रोलचा फिल्टर, यातलं काहीही असू शकतं, आणि यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथे लाईव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणारे सेन्सरचे आकडे, कामाला येतो. अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम म्हणून आकडे दिसतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते. शून्याच्या आसपास असावं, पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं, दहाच्या वर सरकायला लागलं की कान टवकारायचे. गाडी उभी, इंजिन गरम, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) बघा, मग रेस करून अडीच हजार आरपीएमला धरून बघा. आयडलला आकडा मोठा आणि रेस केल्यावर खाली येतोय तर बहुतेक वेळा कुठूनतरी चोरून हवा येतेय, कारण आयडलला इंजिन हवा घेतंच थोडी, त्यात ती चोरटी हवा मोठी ठरते. उलट लोड वाढल्यावर आकडा वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाहीये किंवा एअर-फ्लो सेन्सर खोटं बोलतोय. माझा आकडा रेस केल्यावर खाली येत होता. दुसऱ्या मेकॅनिकला स्क्रीनच दाखवली, त्याने पाईप चाचपले आणि एक रबरी पाईप कोपऱ्यात तडकलेला निघाला. वय झालं की रबर असंच जातं. सेन्सर बदलला असता तर आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी झालं असतं आणि वर कोड परत आला असता तो वेगळाच.

मिसफायरचंही, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचंही, तसंच. पी०३०१, पी०३०२ असे कोड आले की शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर असतो, पी०३०० आला तर एक असा ठराविक सिलिंडर नाही, इकडेतिकडे चुकतंय. समजा पी०३०२ आहे, आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल आहे, तर दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला लावायची, तीनची दोनला, कोड क्लिअर करून फिरवायची. आता पी०३०३ आला तर कॉइलच मेली आहे, एकच बदला. कोड जागच्या जागीच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लग बघा, इंजेक्टर बघा, नाहीतर कॉम्प्रेशन. यात एक रुपयाही लागत नाही, आणि याच परीक्षेशिवाय लोक चारही कॉइल बदलून येतात. एक मात्र लक्षात असू द्या, लाईट नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर प्रयोग वगैरे राहू दे, पाय हलका करा आणि गाडी लवकरात लवकर थांबवा, कारण न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो पार्ट जुन्या गाडीतल्या सगळ्यात महागड्यांपैकी एक.

कन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये असं सांगणारा कोड. हा कोड आला की बरेच जण थेट गाडी विकायचं बघतात. थोडं थांबा. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर सतत वरखाली करतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट, आणि नंतरचा बऱ्यापैकी स्थिर असायला हवा. दोघांचे ग्राफ एकत्र लावा, मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर खरंच थकलाय. पण सायलेन्सरच्या पाईपला कन्व्हर्टरच्या आधी कुठे लीक असेल तरी हाच कोड येऊ शकतो, आणि चांगला कन्व्हर्टर मिसफायरमुळे किंवा ऑइल जळण्यामुळे गेला असेल तर नवा बसवून तोही जाणार. आधी कारण, मग पार्ट. (सगळ्या गाड्यांचे सेन्सर हे ०.१-०.९ वाले नसतात, काहींचे पुढचे सेन्सर वेगळ्या जातीचे असतात, त्यांना हा ग्राफ लागू नाही.)

खरं म्हणजे या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा गाडी घेतल्यावर नाही, घेण्याआधी आहे. विकणारा चेक इंजिन लाईट घालवून गाडी दाखवू शकतो, दोन मिनिटांचं काम आहे ते. पण कोड पुसले की त्याबरोबर रेडीनेस मॉनिटर पण कोरे होतात, म्हणजे कॉम्प्युटरने कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या ज्या स्वतःच्या चाचण्या घेतलेल्या असतात त्या "अपूर्ण" दिसायला लागतात, आणि परत पूर्ण व्हायला गाडी थंड-गरम, शहरात-हायवेवर अशी बऱ्यापैकी फिरावी लागते. अ‍ॅपमध्ये कोड पुसल्यानंतर किती किलोमीटर झाले हा पण आकडा बऱ्याच गाड्या देतात. "ताई, गाडीला काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणणाऱ्याच्या गाडीत तो आकडा दोन किलोमीटर दिसला तर काय समजायचं ते समजा. बॅटरी काढली तरी असंच होतं हे खरं, मग सरळ सांगायचं की आठवडाभर चालवा, मी परत येते. उत्तर काय येतं त्यावरून पुढचं ठरतं. मात्र मीटर मागे फिरवलाय का, हे या स्कॅनरने कळत नाही, जुन्या गाड्यांत ओडोमीटरचा आकडा त्या सामान्य यादीत येतच नाही. त्याला सर्व्हिसचे कागद, पेडलचं झिजलेलं रबर, सीटची कड, हेच बघावं लागतं.

आता तो कापलेला स्टार. जुन्या गाडीत जे सगळ्यात आधी म्हातारं होतं ते या यंत्राला दिसतच नाही. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअपचं ऑइल गळतंय, ब्रेक पॅड संपलेत, क्लच सुटतोय, इंजिनखाली थेंब पडतोय, यातल्या कशालाच कोड नाही. एबीएस आणि एअरबॅगचे कोड पण साध्या स्कॅनरला बहुतेक गाड्यांत वाचता येत नाहीत. टायमिंग बेल्टचं तर विचारूच नका, तो काही न सांगता तुटतो, आणि ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते तिथे बेल्ट तुटला की इंजिनाचं काम निघतं. त्याला किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा असतात, जी आधी भरेल ती धरायची, आणि सेकंडहँड गाडीत बेल्ट बदलल्याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच समजून चालायचं. बेल्टसोबत वॉटर पंप पण करून टाका, बऱ्याच इंजिनांत मजुरी तीच लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं म्हणून गाडी उभी असली तरी दर दोनेक वर्षांनी बदलायचं. टायरला नक्षी कितीही भरलेली दिसो, कडेवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. स्क्रीन हिरवी दाखवतेय म्हणून गाडी ठणठणीत असं मानणारे लोक बघितलेत मी, डिपस्टिक कोरडी आणि फोनवर "नो फॉल्ट".

छोट्या गोष्टी राहिल्या. कूलंटचं तापमान बघायला मला हा फार आवडतो, डॅशबोर्डचा काटा मुद्दाम मध्येच चिकटून राहील असा बनवलेला असतो बऱ्याच गाड्यांत, खरा आकडा फोनवर दिसतो. हायवेला लागल्यावर तापमान खाली खाली जात असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, गाडी पेट्रोल जास्त खाते आणि पुढे पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाहीये) येतो, त्यात कूलंट कमी आहे का तेही बघून घ्या. बॅटरीचं पण कळतं, बंद गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीला साधारण १३.८ ते १४.५, चालू असताना १३ च्या खाली राहिलं तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर तपासून घ्या.

कोड पुसायचं बटण दिसतं म्हणून लगेच दाबू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम सेव्ह झालेली असते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन थंड की गरम, ही सगळी माहिती, आणि पुसलं की तीही गेली. आधी स्क्रीनशॉट. मेकॅनिकला दाखवताना पण "हे बदला" म्हणून जाऊ नका, त्याला राग येणं साहजिक आहे. "हा आकडा आयडलला असा दिसतोय, तुम्हाला काय वाटतं" असं विचारलं की चांगला मेकॅनिक खूश होऊन बॉनेट उघडतो. जो आकड्याकडे न बघताच पार्टची यादी सांगायला लागतो तिथून मी निघते.

आणि वापर झाला की यंत्र काढून ठेवा. सॉकेटमध्ये बॅटरीची लाईन कायम चालू असते, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर हा गुपचूप बॅटरी पितो, शिवाय स्वस्त ब्लूटूथवाल्यांचा पिन १२३४ नाहीतर ०००० असतो, म्हणजे कोणीही जोडून बसेल. ऑन-ऑफ बटण असलेला मिळाला तर तोच घ्या. आयफोनवाल्यांनी ऑर्डर करण्याआधी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलंय का ते बघा, साधा ब्लूटूथवाला त्यांना चालत नाही.