अकरा किलोंची लेक, तीन मजले आणि माझी पाठ: कोणतं स्लिंग टिकलं

आमची लेक आता २२ महिन्यांची आहे. परवा लसीच्या वेळी वजन केलं, ११ किलो ४०० ग्रॅम. चालते, पळते, पण डोंबिवली स्टेशनच्या पुलावर गर्दी दिसली की दोन्ही हात वर करून "घे" म्हणते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. बाबागाडी घेतली होती, ती जिन्याखाली पडून आहे, कारण आमच्या रस्त्याला सलग वीस पावलं फुटपाथ नाही आणि लोकलच्या डब्यात ती उघडायची कुठे? त्यामुळे गेली दीड वर्षं बाळाला स्लिंगनं (नुसतं कापड) किंवा कॅरियरनं (पट्टे शिवलेली बैठक) अंगाला बांधून फिरणं हे माझं रोजचं काम आहे. तीन प्रकार पुरते वापरून झाले, एक अर्धवट. कंपन्यांची नावं देत नाही, कारण माझ्या पाठीला जे मानवलं ते तुमच्या पाठीला मानवेलच असं नाही. काय बघून घ्यायचं ते मात्र सगळं सांगते.

पहिलं कॅरियर बारशाला आहेर आलं होतं. दिसायला भारदस्त: जाड फोमचे पट्टे, खिसे, डोक्याला आधार. ती तीन महिन्यांची झाल्यावर त्यात घालून खाली भाजीला गेले. दहा मिनिटांत ती रडायला लागली आणि माझे खांदे मानेपासून ओढल्यासारखे झाले. मला वाटलं, सवय नाही म्हणून असेल. आठवडाभर रेटलं. एके दिवशी सासूबाई समोर बसल्या होत्या, बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, कडेवर घेतो तेव्हा पोर अशी लोंबकळते का कधी?"

त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. त्या कॅरियरची खालची बाजू जेमतेम माझ्या तळहाताएवढी रुंद होती. दोन मांड्यांच्या मध्ये कापडाची पट्टी आणि दोन्ही पाय सरळ खाली. म्हणजे सगळं वजन जांघेवर. कडेवर घेतलेलं मूल बघा. त्याचे गुडघे ढुंगणापेक्षा वर येतात, मांड्या फाकून आपल्या कमरेला धरतात, पाठ थोडी गोल असते. समोरून पाहिलं तर इंग्रजी एम अक्षर दिसतं, म्हणून त्याला 'एम पोझिशन' म्हणतात. पहिल्या सहा महिन्यांत खुब्याचा सांधा अजून घडत असतो, तेव्हा ही बैठक जास्त महत्त्वाची. कापड एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पोचलं पाहिजे. फोम किती जाड आहे, खिसे किती आहेत, हे सगळं त्यानंतर.

ते कॅरियर मी कुणालाही दिलं नाही. पुढे कुणाच्या बाळाला बांधलं जाऊ नये म्हणून पट्टे कापून ठेवले.

ऑगस्टमध्ये रिंग स्लिंग घेतलं. सव्वादोन मीटरच्या आसपास लांब कापड, एका टोकाला दोन कड्या, बस. माझं सिझेरियन झालं होतं आणि टाक्यांच्या जागी अजून हुळहुळायचं, म्हणून कमरेला पट्टा असलेलं काहीच नको होतं. यात कमरेला काही येत नाही, सगळं एका खांद्यावरून जातं. रिंग स्लिंगचं आजचं रूप तसं अलीकडचं आहे. १९८१ मध्ये हवाईत रेनर गार्नर यांनी बायकोसाठी आणि बाळासाठी ते बनवलं आणि पुढे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ विल्यम सीअर्स यांनी ते घरोघरी पोचवलं. पण बांधायला शिकताना मला सारखी आठवण येत होती ती आजीच्या पदराची. पदर खांद्यावर नीट पसरला तर दिवसभर जाणवत नाही, गोळा होऊन मानेशी आला की टोचतो. स्लिंगचंही अगदी तेच. कापड खांद्याच्या गोलाईवर टोपीसारखं पसरायचं, मानेपासून दूर. कड्या गळ्याच्या हाडाच्या जरा खाली, जिथे आपण साडीला ब्रोच लावतो तिथे. त्या घसरून छातीखाली आल्या तर पुढे घट्ट करायला जागाच उरत नाही.

पहिले चार दिवस मी बाळाला घातलंच नाही. तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन आरशासमोर उभी राहायचे. हे हसण्यावारी नेऊ नका, खरंच करा. कापड एकगठ्ठा ओढलं तर कडीत अडकतं. वरची कड वेगळी ओढायची, खालची वेगळी, मधलं थोडं थोडं. खालचं कापड बाळाच्या आणि आपल्या मध्ये ओढून घेतलं की त्याची झोळी तयार होते आणि मूल तिच्यात बसतं. ही झोळी नीट झाली नाही तर दोन्ही हात मोकळे सोडायची हिंमत होत नाही, आणि मग स्लिंगचा उपयोग तरी काय?

कड्या मात्र नीट बघून घ्या. धातूच्या, जोड नसलेल्या, मुद्दाम स्लिंगसाठी घडवलेल्या हव्यात. हार्डवेअरच्या दुकानातल्या वाकवून डाग दिलेल्या कड्यांवर किंवा पर्सच्या प्लॅस्टिकच्या कड्यांवर बाळाचा भार टाकायचा नाही. घरी शिवून घेणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. कापड आणि शिवण जमेल, कड्यांत काटकसर नको.

या स्लिंगनं मला माझं माहेर परत मिळवून दिलं. माहेर दादरला. दुपारी दीडच्या सुमाराची लोकल, बायकांचा डबा, खिडकीशी जागा. बाळ छातीशी झोपलेलं, माझा एक हात दांडीला, दुसऱ्या हातात पिशवी. दादरच्या जिन्यावर मागून लोंढा आला तरी ती माझ्या अंगाला घट्ट होती. बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे, मान खाली वाकवली तर कपाळाचा पापा घेता आला पाहिजे, आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, दोन बोटं तरी मध्ये जावीत. हे तीन मी अगदी पाढ्यासारखे पाठ केले होते. लहान बाळाची हनुवटी छातीवर पडली तर श्वास कोंडू शकतो आणि ते रडूनही सांगू शकत नाही. म्हणून गर्दीत कुणी "डोकं झाका, वारा लागेल" म्हटलं तरी मी ओढणी तोंडावर येऊ देत नसे.

एक त्रास पावसाळ्याचा. माझं स्लिंग जाड सुती होतं, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन दोन दिवस वाळत नसे आणि कुबट वास धरायचं. लिननचं घेतलं असतं तर बरं झालं असतं. ते सुरुवातीला कडक लागतं, पण लवकर वाळतं आणि जितकं वापराल तितकं मऊ पडतं.

मध्ये मैत्रिणीचं टी-शर्टसारखं ताणलं जाणारं लांबलचक कापड वापरून पाहिलं. पाच मीटर कापड अंगाभोवती तीन पदरी गुंडाळायचं. थंड प्रदेशात तान्ह्या बाळासाठी उत्तम असेल. डोंबिवलीच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी घामानं निथळलो आणि सहा किलोंच्या पुढे कापड लोंबायला लागलं. तीन दिवसांत परत केलं.

रिंग स्लिंगला मर्यादा एकच, पण मोठी. सगळा भार एका खांद्यावर. लेक आठ-नऊ किलोंची होईपर्यंत मी खांदे आलटून पालटून तास दीड तास सहज फिरत असे. वर्षाची झाल्यावर वीस मिनिटांत खांदा बोलू लागला. आता ते फक्त घर ते रिक्षा, रिक्षा ते दवाखाना एवढ्यापुरतं. 'उतरव', 'घे', 'उतरव' चालू असतं त्या वयाला तेच सोयीचं, कारण दहा सेकंदांत निघतं.

मग दोन्ही खांद्यांचं, कमरेला पट्टा आणि बकलं असलेलं. जावेकडे होतं, तिचा मुलगा मोठा झाला म्हणून तिनं आम्हाला दिलं. ते घेऊन मार्गशीर्षात आम्ही एकवीरेला गेलो. कल्याणहून गाडीनं लोणावळा, तिथून रिक्षानं कार्ल्याच्या पायथ्याशी. लेक तेव्हा २० महिन्यांची, पाठीवर. निम्म्या पायऱ्या मजेत गेल्या. ती माझ्या खांद्यावरून हारवाल्यांना हात करत होती. नंतर मात्र ती मागे झुकायला लागली, पट्टे खांद्यात रुतायला लागले, आणि वर लेण्यापाशी उतरवलं तेव्हा तिच्या मांड्यांना मागून लाल वळ उठले होते. मला फार वाईट वाटलं. देवीसमोर उभी राहूनसुद्धा माझं लक्ष त्या वळांकडेच होतं.

घरी येऊन टेप काढली. लेकीला उकिडवं बसवून एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या खोबणीपर्यंत मोजलं तर ४२ सेंटिमीटर. कॅरियरची बैठक ३६. ते लहान बाळाच्या मापाचं होतं, आणि आम्ही तिला त्यात बसवत होतो कारण पाकिटावर '२० किलोपर्यंत' लिहिलेलं. तो आकडा शिवण आणि बकलं किती भार पेलतील ते सांगतो, मूल त्यात नीट बसेल का ते सांगत नाही. दीड वर्षांच्या मुलाला अर्ध्या मांडीपर्यंत आधार मिळाला तर खुब्याला धोका नसतो, त्याचं दडपण घेऊ नका. पण कापडाची कड मांडीच्या मधोमध रुतते, मूल अस्वस्थ होऊन मागे झुकतं, आणि मागे झुकलेलं अकरा किलोंचं मूल आपल्या खांद्यांना पंधरा किलोंचं वाटतं. उंचीचंही तसंच. पाठीचं कापड तिच्या काखेपर्यंत यायला हवं होतं, ते बरगड्यांपाशीच संपत होतं.

जानेवारीत टॉडलर मापाचं, म्हणजे चालत्या मुलांसाठीचं, घेतलं, बैठक ४४ सेंटिमीटर. दुकानात लेकीला बसवून वीस मिनिटं चालून पाहिलं आणि मगच पैसे दिले. दुकानदार कंटाळला, पण नाही म्हणाला नाही. पाच मिनिटांत प्रत्येक कॅरियर बरंच वाटतं, खरं काय ते पंधराव्या मिनिटाला कळतं.

हे बांधायचीही पद्धत आहे आणि तिच्यावर अर्धा आराम अवलंबून आहे. कमरेचा पट्टा आधी, आणि तो खरोखर कमरेला, कटीच्या हाडांच्या जरा वर, श्वास सोडून घट्ट. मी आधी जीन्सच्या पट्ट्यासारखा खाली बांधायचे, त्यामुळे सगळा भार खांद्यांकडे जायचा. मग मूल पाठीवर, किंचित पुढे वाकून, पलंगाजवळ, आणि पहिले काही दिवस कुणीतरी मागे उभं असताना. खांद्याचे पट्टे घातल्यावर छातीवरची छोटी पट्टी काखेच्या रेषेत. ती गळ्याशी आली की मान दुखते. शेवटी एकदा उडी मारल्यासारखं करून तिला वर घ्यायचं आणि पट्टे ओढायचे. बरोबर जमलं तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात आणि वजन कमरेवर उभं राहतं. पहिल्यांदा असं जमलं त्या दिवशी मी बाजार, पोस्ट, औषधं असं सव्वा तास फिरले आणि रात्री कंबर शेकायला पिशवी लागली नाही.

माझा नवरा पावणेसहा फूट, मी पाच फूट एक इंच. पट्टे दोघांना पुरतात का, हे घेतानाच पाहा. ठेंगण्या बाईला पट्टा पूर्ण आवळूनही सैल राहतो, ही तक्रार माझ्या दोन मैत्रिणींची आहे. या कॅरियरचा मधला भाग जाळीचा आहे, त्यानं उन्हाळ्यात थोडा फरक पडेल, पण दोन अंगं चिकटलेली असताना घाम येणारच. लेकीला मी तेव्हा एकच पातळ झबलं घालते, कारण कॅरियर हाही एक कपडाच आहे.

दुचाकीवर मात्र कधीच नाही, स्लिंग असो वा बकलवालं. मोटारीतही नाही. ओट्याशी फोडणी देताना पुढे बांधलेलं बाळ नको, पाठीवरचंही नको. आणि खाली पडलेलं काही उचलायचं तर कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांत बसायचं.

पहिलंच बाळ असेल आणि एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर मी रिंग स्लिंगच घ्यायला सांगेन. वर्षाच्या पुढचं मूल असेल आणि चालणं जास्त असेल तर टॉडलर मापाचं बकलवालं, मुलाचं माप घेऊन. दोन्ही मिळून मला साडेआठ हजार पडले. बाबागाडीला याहून जास्त गेले होते.

नणंदेला सातवा महिना लागलाय. रिंग स्लिंग तिच्यासाठी दोनदा धुऊन सावलीत वाळवलं आहे, कड्यांजवळची शिवण उन्हात धरून टाका न् टाका तपासली आहे. डोहाळजेवणाला ती येईल तेव्हा तांदळाची पिशवी तयार ठेवणार आहे.