गूळ वाटीने मोजावा की वजनकाट्यावर?

मापाची वाटी पुरेशी आहे की वजनकाटाही विकत घ्यावा, अशा विचारात जे असतील त्यांना आधी हे सांगायला हवे की उपमा, शिरा किंवा मोदकांची उकड यांना काट्याची गरज सहसा भासत नाही. उकडीला जितकी पिठी तितके पाणी, तसा तिथे प्रमाणाचाच हिशेब असतो, मग हाताशी वाटी असो वा फुलपात्र. आणि नव्या तांदळाला पाणी बेताचे लागते हे काही काटा सांगत नाही.

माझे अडले ते गुळापाशी. आत्याच्या वहीत तिळाच्या लाडवांसाठी ‘वाटीला वाटी गूळ’ एवढेच लिहिलेले आहे. पहिल्या संक्रांतीला मी गूळ चिरून वाटी सैल भरली, तर लाडू वळताना तीळ हातातून गळत राहिले. पुढच्या वर्षी गूळ अंगठ्याने दाबून भरला आणि लाडू बत्त्याने फोडण्याची वेळ आली. त्यात पाक पुढे गेल्याचाही दोष असेल, नाही असे नाही. मागाहून मोजून पाहिले, तेव्हा त्याच 150 मिलिलिटरच्या वाटीत सैल गूळ 95 ग्रॅम आणि दाबलेला 135 ग्रॅम भरला. बेसनाचेही तेच: चाळून अलगद भरले तर 65 ग्रॅम, वाटी ओट्यावर आपटून भरली तर 90. साखरेत मात्र असा फरक फारसा पडत नाही.

हा घोळ जुनाच आहे. वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा होता. ज्याचे चार झाले की पायली भरे तो मापी शेर निराळा. 1956 च्या कायद्यानंतर हळूहळू दोन्ही बाजारातून गेले, पण जुन्या वहीतली ‘शेरभर डाळ’ कोणत्या शेराची, हा प्रश्न मागे राहिला. परदेशातल्या नातलगांनी पाठवलेल्या पाककृतींतही तीच गत होते, कारण अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा असतो आणि ऑस्ट्रेलियातला 250 चा. तिथला मोठा चमचाही 15 ऐवजी 20 मिलिलिटरचा असतो.

काटा निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. एकेका ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या काट्याला चिमूटभर हिंगाची दखलही नसते, म्हणून चमचे ठेवावेच लागतात. सावकाश काही घालत बसले तर तो मध्येच बंद पडतो. पाणी मिलिलिटरला ग्रॅम धरून चालते, दूधही जवळपास तसेच, पण 100 मिलिलिटर तेल 92 ग्रॅमच्या आसपास भरते, हे विसरून चालत नाही. तरीही पातेले काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि चिरलेला गूळ थेट त्यात घालायचा, ही सोय मला आता सोडवत नाही. वाटीच्या बुडाला चिकटलेला गूळ खरवडावा लागत नाही, हा त्यातला उपलाभ.

गेल्या खेपेस आत्या आली तेव्हा तिलाच तीनदा वाटी भरायला सांगितली. गूळ किती दाबायचा, या प्रश्नावर ‘बेताने’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही, पण तिन्ही वेळा काटा 115 च्या मागेपुढे दोन-तीन ग्रॅमांतच थांबला. वहीतल्या तिच्या ओळीशेजारी मी तो आकडा पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.