स्टीलचे मापकप: उकडीला उत्तम, सारणाला नको

रत्नागिरीत भांड्यांच्या दुकानांत मिळणारा चार कपांचा संच: 240, 120, 80 आणि 60 मिली. आधी तपासा. मोठा कप काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, मग काठोकाठ पाणी भरा. 240 ग्रॅम यायला हवं. 250 आलं, तर माप वेगळं.

उकडीच्या मोदकांना झकास, कारण पिठी आणि पाणी समसमान मापानेच घेतात. मात्र पिठी चमच्याने सैल भरून सुरीने सपाट करा. साधारण 160 ग्रॅम बसते. दाबलीत तर बरीच जास्त जाते, उकड कोरडी होते आणि पारी चिरते. सारणाला काटाच हवा: खवलेला नारळ, चिरलेला गूळ कपात दर वेळी वेगळा बसतो. दांडा जोडलेला नको, एकसंध घ्या.